हवेचा आकडा सांगणारी डबी : पाच महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

वडिलांचा दमा बळावला तेव्हा डॉक्टरांनी औषधांच्या चिठ्ठीच्या तळाशी एक ओळ लिहून दिली होती : ‘धूर आणि धूळ टाळा.’ सल्ला योग्यच होता. अडचण एवढीच की जी धूळ डोळ्यांना दिसते ती बहुतांशी नाकाघशातच अडते आणि जी फुफ्फुसांच्या तळापर्यंत उतरते ती डोळ्यांना दिसत नाही. ही न दिसणारी धूळ दाखवण्याचे आश्वासन देणारा एक घरगुती एअर क्वालिटी मॉनिटर आम्ही त्यानंतर विकत घेतला आणि पाच महिने तो आमच्याकडे अखंड चालू होता. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या गुणदोषांविषयी लिहायचे आहे त्यांतले बरेचसे या जातीच्या यंत्रांना जन्मतःच चिकटलेले आहेत.

यंत्र तळहातावर मावेल एवढे आहे. समोर लहानसा पडदा, त्यावर मोठा आकडा आणि आकड्याखाली एक चेहरा : हवा चांगली असेल तर हसरा, मध्यम असेल तर सरळ ओठांचा, वाईट असेल तर रडका. मागच्या जाळीतून एक चिमुकला पंखा हवा आत ओढतो, त्या हवेवर लेझरचा झोत पडतो, कणांवर आपटून प्रकाश विखुरतो आणि हा विखुरलेला प्रकाश मोजून आत किती धूळ असावी याचा हिशेब केला जातो. म्हणजेच हे यंत्र धूळ तोलत नाही; तिची चमक पाहून वजनाचा अंदाज बांधते. अधिकृत मोजणी केंद्रांत ठरावीक हवा गाळणकागदातून ओढून त्यावर साचलेली धूळ प्रत्यक्ष तोलली जाते, किंवा त्या थरामुळे बीटा किरण किती अडतात यावरून तिचे वस्तुमान काढले जाते. तोलणे आणि अंदाज बांधणे यांतला फरक पुढे बराच महागात पडतो, म्हणून तो आधीच सांगितला.

पडद्यावरचा मोठा आकडा पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी व्यासाच्या कणांचा असतो : एक घनमीटर हवेत असे किती मायक्रोग्रॅम कण आहेत, ते तो सांगतो. माणसाच्या केसाची जाडी साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर धरली, तर हे कण केसाच्या विसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही बारीक ठरतात. याखेरीज यंत्र कार्बन डायऑक्साइड, बाष्पनशील सेंद्रिय पदार्थांची (म्हणजे सहज वाफ होऊन हवेत मिसळणाऱ्या रसायनांची) एकत्रित पातळी, तापमान आणि आर्द्रता दाखवते.

पहिल्या आठवड्यात या डबीने जे शिकवले, त्याबद्दल मी तिचा मनापासून ऋणी आहे. स्वयंपाकघराच्या दारालगतच्या फळीवर ती ठेवली होती आणि आकडा १४ च्या आसपास होता. कढईत तेल तापत ठेवले, त्यात पहिला घाणा पडला आणि चार मिनिटांत आकडा २३० वर गेला. धूर म्हणावा असे काहीच दिसत नव्हते. फक्त वास होता, आणि त्या वासाला आजवर कोणी प्रदूषण म्हटले नव्हते. गॅस बंद केल्यावरही आकडा शंभराखाली यायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी तेच तळण केले, पण एक्झॉस्ट पंखा तेल तापवण्याच्या आधीच सुरू केला आणि समोरची खिडकी उघडली. या वेळी आकडा ६० च्या पुढे सरकला नाही. तिसऱ्या दिवशी पंखा धूर जाणवल्यावर, म्हणजे आमच्या नेहमीच्या सवयीप्रमाणे लावला, तेव्हा तो जवळजवळ निरुपयोगी ठरला, कारण तोवर कण बैठकीच्या खोलीत पोहोचलेले होते. वडिलांची आरामखुर्ची नेमकी त्या दारासमोर असे, ‘इथे वारा चांगला लागतो’ म्हणून. तो वारा कुठून येत होता हे आम्हाला या डबीने दाखवले. खुर्ची त्याच संध्याकाळी हलली.

झोपण्याच्या खोलीतही असेच झाले. रात्री दार-खिडकी बंद करून दोघे झोपलो आणि सकाळी कार्बन डायऑक्साइडचा आकडा १,९०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत १,९०० भाग, दिसला. बाहेरच्या हवेत तो आजकाल ४२० च्या थोडा वर असतो. खिडकी फक्त चार बोटे उघडी ठेवली तर सकाळचा आकडा ९०० च्या आत राहतो. मात्र यंत्राचे माहितीपत्रक येथे जरा भरकटते. हजाराच्या पुढे पिवळा आणि पंधराशेच्या पुढे लाल दिवा लावून ते जणू विषबाधा होत असल्याचा आव आणते. प्रत्यक्षात अमेरिकेत कामाच्या ठिकाणी आठ तासांच्या सरासरीसाठी या वायूची कायदेशीर मर्यादा ५,००० पीपीएम आहे. घरातल्या पातळीवर हा आकडा विषाचा नव्हे, तर कोंडलेपणाचा दर्शक आहे : खोलीतली किती हवा आधीच कोणाच्या तरी फुफ्फुसांतून फिरून आलेली आहे, हे तो सांगतो. एवढे एक वाक्य माहितीपत्रकात असते, तर आईने पहिल्या दोन रात्री जागून काढल्या नसत्या.

आता दोषांकडे वळतो. एका सकाळी आंघोळ आटोपून मी न्हाणीघराचे दार उघडे टाकले आणि बाहेरच्या टेबलावरची डबी लाल झाली, पीएम २.५ चा आकडा १८०. घरात चूल पेटलेली नव्हती, झाडलोट झालेली नव्हती. लेझरच्या झोतासमोरून वाफेचे थेंब गेले होते आणि डबीला ते धुळीसारखेच चमकताना दिसले. हा तर गमतीचा प्रकार झाला, पण त्यामागचे कारण एरवीही काम करत असते. हवेतले बरेच कण ओलावा शोषून फुगतात, फुगलेला कण अधिक प्रकाश विखुरतो आणि दमट हवेत यंत्र खऱ्यापेक्षा फुगवून आकडा सांगते. मी आठवडाभर डबी खिडकीबाहेर आडोशाला ठेवून जवळच्या अधिकृत केंद्राच्या तासागणिक आकड्यांशी पडताळून पाहिली, तेव्हा कोरड्या दुपारी दोघांचे बऱ्यापैकी जमत होते. धुक्याच्या पहाटे मात्र माझी डबी जवळपास दीडपट बोलत होती. हा दोष दुरुस्त करता येत नाही असे नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२० मध्ये वणव्यांच्या धुराचा सार्वजनिक नकाशा सुरू केला, त्यात नागरिकांनी घरोघरी लावलेल्या अशाच स्वस्त सेन्सरांचे आकडे घेतले जातात, पण आर्द्रतेचा हिशेब करून, सूत्राने सुधारून मगच. माझ्या डबीत आर्द्रतेचा सेन्सर आहे, म्हणजे दुरुस्तीला लागणारे सगळे साहित्य घरातच आहे. कंपनीने ते वापरण्याचे कष्ट तेवढे घेतलेले नाहीत. त्याविषयी विचारणा केली असता ग्राहक सेवेकडून ‘कृपया यंत्र कोरड्या जागी ठेवावे’ असे उत्तर आले. हवा कोरडी कशी करावी, हे कळवायचे राहिले असावे.

सर्वांत जास्त वेळ ज्याने खाल्ला तो भाग म्हणजे सेटिंगमधला ‘निर्देशांक निवडा’ हा पर्याय. आकडा मायक्रोग्रॅममध्ये पाहण्याऐवजी तो हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाच्या, म्हणजे प्रमाणावरून काढलेल्या गुणांच्या, रूपात पाहता येतो आणि त्यासाठी वेगवेगळ्या देशांच्या मोजपट्ट्या दिलेल्या आहेत. एका संध्याकाळी पीएम २.५ चे प्रमाण ५८ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होते. भारतीय मोजपट्टी निवडली तेव्हा निर्देशांक ९७ आला, वर्ग ‘समाधानकारक’, रंग हिरवट आणि चेहरा हसरा. त्याच क्षणी अमेरिकी मोजपट्टी निवडली तर निर्देशांक १५३, वर्ग ‘आरोग्यास अपायकारक’, रंग लाल आणि चेहरा रडका. हवा तीच, खोली तीच, श्वास तोच. दोन्ही हिशेब आपापल्या नियमांनुसार बिनचूक आहेत, कारण रंग कुठे बदलावा हे शेवटी आरोग्यविज्ञान, परवडणारे उद्दिष्ट आणि प्रशासकीय निर्णय यांच्या तडजोडीतून ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२१ मध्ये मार्गदर्शक मूल्ये बदलली, तेव्हा पीएम २.५ ची वार्षिक पातळी १० वरून ५ वर आणि चोवीस तासांची २५ वरून १५ वर आणली. त्या रात्रीत हवा बिघडली नव्हती. कमी पातळीलाही अपाय होतो याचा पुरावा तोवर साचला होता. यंत्र विकत घेणाऱ्याला यातले काहीच सांगितले जात नाही. तो खोक्यातून निघालेल्या मूळ सेटिंगवर विश्वास ठेवतो आणि त्याच्या घरातली हवा चांगली की वाईट हे कारखान्यातल्या कोणीतरी केलेल्या निवडीवरून ठरते.

याला जोडूनच आणखी एक घोळ आहे. हे निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीसाठी बनवलेले आहेत, तर डबी दर मिनिटाचा आकडा त्यांच्यावर बसवते. तळणाच्या वेळचे चार मिनिटांचे २३० आणि दिवसभराचे सरासरी २३० यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण दोन्ही वेळा चेहरा रडतो तो सारख्याच जोराने. चोवीस तासांची सरासरी अ‍ॅपमध्ये मिळते. मात्र ती तीन पाने आत दडवलेली आहे आणि माझ्या मते तीच पहिल्या पानावर असायला हवी.

बाष्पनशील पदार्थांचा आकडा मी दुसऱ्या महिन्यापासून पाहणे सोडून दिले. हातावर सॅनिटायझर घेतले की तो उसळतो, अत्तराची कुपी उघडली की उसळतो, नखांचे पॉलिश काढायला घेतले की उसळतो. कोणता पदार्थ हवेत आहे हे तो सांगू शकत नाही, आणि अल्कोहोलची वाफ व कर्करोगकारक बेंझिनची वाफ यांना एकाच मापाने मोजणाऱ्या आकड्यावरून आरोग्याविषयी काय निष्कर्ष काढावा हे मला तरी समजलेले नाही.

माझी खरी तक्रार मात्र त्या हसऱ्या चेहऱ्याविषयी आहे. हिरवा दिवा लागला की पडद्यावर ‘हवा उत्तम’ असे शब्द उमटतात. डबी कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही, नायट्रोजन डायऑक्साइड मोजत नाही, जमिनीतून झिरपणारा किरणोत्सारी वायू रेडॉन मोजत नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि बंद खोलीत नीट न जळणाऱ्या इंधनातून तो साचला तर माणूस झोपेतच जातो. त्याच्यासाठी वेगळा, खास बनावटीचा अलार्म लागतो. नायट्रोजन डायऑक्साइड गॅसच्या ज्योतीतून निघतो आणि दम्याच्या रुग्णाला तो त्रासदायक ठरतो, म्हणजे ज्या कारणासाठी आम्ही हे यंत्र घेतले त्याच कारणाचा अर्धा भाग यंत्राला दिसतच नाही. नुसत्या पाण्याचे पातेले निळ्या ज्योतीवर अर्धा तास उकळत ठेवून पाहिले. धुळीचा आकडा जागचा जेमतेम हलला, कारण ज्योतीत तयार होणारे कण इतके सूक्ष्म असतात की साधारण ०.३ मायक्रोमीटरच्या खालचे काही या लेझरच्या नजरेत धड येत नाही. चेहरा अर्धा तास हसत होता. न मोजलेली गोष्ट म्हणजे नसलेली गोष्ट नव्हे, हे पाटीवर न लिहिता ‘उत्तम’ असे प्रमाणपत्र देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते. ‘मोजलेल्या घटकांपुरती हवा ठीक’ असे लिहायला पडद्यावर जागा नसेल, तर नुसता आकडा दाखवावा.

अ‍ॅपवरून येणाऱ्या सूचनांचीही तीच गत. ‘तुमच्या घरातील हवा खराब आहे. काळजी घ्या.’ पहिल्या आठवड्यात अशा सूचना दिवसातून आठ-दहा वेळा आल्या, दुसऱ्या आठवड्यात आईने फोन न उघडताच त्या पुसायला सुरुवात केली आणि तिसऱ्या आठवड्यात तिने त्या बंद करून टाकल्या. तिला दोष देता येत नाही. काळजी म्हणजे काय करायचे, हे सूचनेत कुठेच नव्हते. कारण बाहेरचा धूर असेल तर खिडकी लावायची असते आणि घरातले तळण असेल तर उघडायची असते; दोन्हींसाठी सूचना एकच. कण वाढत असताना कार्बन डायऑक्साइड आणि तापमान काय करत आहेत हे पाहून यंत्राला निदान तर्क तरी करता आला असता.

माहिती मिळणे आणि ती उपयोगी पडेल अशा रूपात मिळणे यांतले अंतर किती घातक असू शकते, याचे एक उदाहरण मला यानिमित्ताने वारंवार आठवत राहिले. लंडनच्या लुईशम भागात वर्दळीच्या रस्त्यालगत राहणारी एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये तीव्र दम्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या मृत्यूचौकशीनंतर न्यायाधिकाऱ्याने हवेच्या प्रदूषणाचा तिच्या मृत्यूच्या कारणांत स्पष्ट समावेश केला, आणि प्रदूषणाने दमा बळावू शकतो ही माहिती तिच्या आईला देण्यात आली नव्हती, ती मिळाली असती तर आईने काही उपाय केले असते, हेही नोंदवले. हवेची मोजणी होत होती, आकडेही उपलब्ध होते. पण ते आकडे आणि त्या मुलीचा श्वास यांना जोडून दाखवणारे कोणी नव्हते. पुढच्या वर्षी त्याच न्यायाधिकाऱ्याने दिलेल्या अहवालात, प्रदूषणाचे दुष्परिणाम डॉक्टर व परिचारिकांकडून रुग्णांपर्यंत पुरेसे पोहोचत नाहीत हा मुद्दा वेगळा मांडला गेला. आमच्या डॉक्टरांची ती एक ओळ मला तेव्हापासून जरा जास्त मोलाची वाटते आणि जरा जास्त अपुरीही.

एक सोय मात्र मनापासून आवडली. यंत्र बाहेर लावले तर त्याचे आकडे सार्वजनिक नकाशावर देता येतात. घरगुती डबीच्या आकड्यांना कोण विचारतो असे वाटण्याची शक्यता आहे, पण एका गच्चीवरच्या एका यंत्राने काय होऊ शकते हे बीजिंगमध्ये दिसलेले आहे. तेथील अमेरिकी दूतावासाने २००८ पासून आपल्या आवारातल्या यंत्राचे पीएम २.५ चे आकडे दर तासाला जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा शहराच्या अधिकृत माहितीत हा घटकच नव्हता. लोक दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहू लागले, प्रश्न विचारू लागले आणि जानेवारी २०१३ पासून चीनने ७४ शहरांत हे आकडे स्वतःहून जाहीर करायला घेतले. त्या यंत्राची प्रत आणि माझ्या डबीची प्रत यांची तुलना नाही, हे कबूल. तरीही आमच्या परिसरातल्या नकाशावर आता चार ठिपके आहेत आणि कचरा जाळला जातो त्या रात्री चारही ठिपके एकाच क्रमाने, वाऱ्याच्या दिशेने रंग बदलतात. एकट्या डबीवर मी विश्वास ठेवला नसता. चौघी एकसुरात बोलतात तेव्हा ठेवावासा वाटतो.

सेवेविषयी थोडक्यात. जोडणी पाच मिनिटांत झाली. पंखा रात्री शांत खोलीत ऐकू येतो, पण झोप मोडत नाही. जाळीवर दोन महिन्यांत धूळ साचते आणि ती ब्रशने काढली नाही तर आकडे बिघडू लागतात. हे माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर आहे, पहिल्या पानावर असायला हवे होते. कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आठवड्यातली सर्वांत खालची नोंद बाहेरच्या हवेची धरून स्वतःला जुळवून घेतो, त्यामुळे ज्या खोलीची खिडकी आठवडाभर उघडलीच नाही तेथे तो हळूहळू खोटे सांगू लागतो. तीस दिवसांपूर्वीच्या नोंदी हव्या असतील तर अ‍ॅपची वर्गणी भरावी लागते. स्वतःच्या घरातल्या हवेचा इतिहास स्वतःलाच विकत घ्यावा लागतो, हा प्रकार मला मुळीच पटलेला नाही.

तरीही घ्यावे का, असे कोणी विचारले तर घरात दमेकरी, लहान मूल किंवा म्हातारे माणूस असल्यास घ्यावे असेच मी सांगेन. मात्र पहिल्या महिन्यात आपल्या घरातली धुराची उगमस्थाने शोधून काढण्यासाठी, आयुष्यभर नजर ठेवण्यासाठी नव्हे. शेजारी, नातलग, इमारतीतली चार कुटुंबे यांनी मिळून एकच घ्यावे आणि आळीपाळीने फिरवावे, ते अधिक शहाणपणाचे. आकडा किती आहे यापेक्षा काय केल्यावर तो वाढला आणि काय केल्यावर उतरला हे पाहावे, कारण तुलनेत ही डबी पुष्कळच भरवशाची आहे आणि निवाड्यात नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र वेगळा घ्यावा आणि तो आधी घ्यावा. पाचापैकी तीन तारे देतो. त्यातले अडीच त्या पहिल्या आठवड्याचे आहेत.

आमची डबी सध्या समोरच्या घरात गेलेली आहे, तेथे दोन महिन्यांचे बाळ आहे. देण्यापूर्वी मी तिच्या पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागावर कागदी चिकटपट्टी लावली. आकडा दिसतो, चेहरा दिसत नाही.